आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं का? (पाळी थांबल्यानंतरचं इस्ट्रोजेन, जनुकं आणि ठिसूळ हाडं)

केतकीबन | मूळ धागा | रविवार, दुपारी ४:१०

पाळी थांबली की अंगातलं इस्ट्रोजेन संपलं, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते संपत नाही. बीजांडकोषांकडून येणारा मोठा पुरवठा बंद होतो, पण थोडं इस्ट्रोजेन त्यानंतरही तयार होत राहतं, आणि ते कुणाच्या अंगात किती तयार होतं याचा हाडांशी थेट संबंध आहे. ते किती, हे ठरवण्यात जनुकांचा वाटा केवढा, यासाठी हा धागा. मी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायचे. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांबद्दल इथल्या डॉक्टरांनी लिहावं ही विनंती.

निमित्त घरचंच आहे. आमच्या ताईचा डेक्सा (हाडांची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी) रिपोर्ट आला. वय ५४, कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण, निरोगी हाडाशी केलेली तुलना, उणे २.७. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, म्हणजे ती रेषा ओलांडली गेली. आमच्या आईचं खुब्याचं हाड ६८ व्या वर्षी मोडलं होतं. हे कळल्यावर ताईच्या मुलीने मला एका जनुकीय चाचणीची जाहिरात फॉरवर्ड केली. डबीत लाळ पाठवायची, मग ते हाडांचा धोका कळवणार. खाली तिचा प्रश्न: "मावशी, मी ही करून घेऊ का?" हो किंवा नाही एवढं उत्तर देऊन चालणार नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेनसाठीचा कच्चा माल येतो मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींकडून. त्या अँड्रोस्टेनडायोन नावाचं, पुरुषी कुळातलं संप्रेरक बनवतात. अरोमाटेज हे विकर त्याचं इस्ट्रोन करतं आणि टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रॅडिऑल करतं; दोन्ही इस्ट्रोजेनचेच प्रकार. हे काम चालतं चरबीत, स्नायूंत, त्वचेत आणि खुद्द हाडाच्या पेशींत. अरोमाटेज ज्या जनुकावरून बनतं त्याचं नाव सीवायपी१९ए१, मुक्काम १५ वं गुणसूत्र. या जनुकातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट अशी की तयार होणारं विकर सगळीकडे एकच, पण ते सुरू करणारे स्विच अवयवागणिक वेगळे. बीजांडकोषात एक, चरबीत दुसरा, वारेत तिसरा. बीजांडकोष थकले तरी चरबीतलं आणि हाडातलं काम थांबत नाही ते यामुळे.

आता हाडाकडे. घराची डागडुजी चालू असावी तसं हाड जन्मभर थोडं थोडं पाडलं आणि बांधलं जातं. पाडणाऱ्या पेशी ऑस्टिओक्लास्ट, बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट. पाडणाऱ्यांना चेतवणारं रँक-एल नावाचं एक प्रथिन आहे, त्याला इस्ट्रोजेन आवर घालतं. इस्ट्रोजेन घसरलं की पाडणाऱ्यांची संख्याही वाढते आणि त्यांचं आयुष्यही. बांधणारे कामावर असतातच, पण त्यांना गाठता येत नाही. अमेरिकेतल्या 'स्वान' या दीर्घ अभ्यासात दिसलं की सगळ्यात जोराची झीज शेवटच्या पाळीच्या वर्षभर आधी सुरू होते आणि नंतर दोन वर्षं टिकते. या तीनेक वर्षांत कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास घटते. त्यानंतर झीज चालू राहते, पण वेग कमी होतो.

उरलेलं इस्ट्रोजेन इतकं थोडं, त्याने काय फरक पडणार, असं वाटेल. पण फरक पडतो. ६५ वर्षांपुढच्या अमेरिकन स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९८ मध्ये आला. ज्यांच्या रक्तात इस्ट्रॅडिऑल मोजताच येत नव्हतं, म्हणजे मिलिलिटरमागे ५ पिकोग्रॅमपेक्षा कमी, त्यांना खुब्याच्या आणि मणक्याच्या फ्रॅक्चरचा धोका, ज्यांच्यात ते मोजता येत होतं त्यांच्या अडीच पट होता. दोन्हीकडे आकडे नगण्यच, पण हाडाला ते कळतात.

मग सीवायपी१९ए१ मधल्या फरकांचं काय? या जनुकाच्या एका भागात टीटीटीए ही चार अक्षरं लागोपाठ पुन्हा पुन्हा येतात, कुणात सात वेळा तर कुणात बारा-तेरा वेळा. इटलीत पाळी थांबलेल्या स्त्रियांवर झालेल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लांब माळ असलेल्यांची मणक्याची घनता जास्त आणि फ्रॅक्चर कमी दिसली. २००७ मध्ये याच जनुकाचे काही प्रकार पाळी थांबलेल्या स्त्रियांमधल्या इस्ट्रोजेनमध्ये १० ते २० टक्के वाढीशी जोडले गेले. म्हणजे परिणाम खरा आहे. पण १० ते २० टक्के. एखादीच्या नशिबाचा निकाल लावण्याएवढा तो मोठा नाही.

भाचीला मी शेवटी जे सांगितलं ते इथेही सांगते. तुझी जनुकीय चाचणी आजीवर होऊन गेली आहे. ज्या अमेरिकन अभ्यासाचा वर उल्लेख केला, त्याच स्त्रियांमध्ये १९९५ साली दिसलं होतं की आईचं खुब्याचं हाड मोडलेलं असेल तर मुलीला तोच धोका दुप्पट. एका आजीच्या मोडलेल्या खुब्यात शेकडो जनुकांची बेरीज आलेली असते, ती लाळेच्या डबीत येत नाही. म्हणून आधी घरात विचारा: आईचं, आजीचं खुब्याचं हाड मोडलं होतं का, कितव्या वर्षी, आणि पडण्याचं कारण किती क्षुल्लक होतं?

---

माळढोक | रविवार, संध्याकाळी ६:३२

फार उपयोगी धागा, केतकीताई. प्रश्न आहे. मी पहिल्यापासून सडपातळ, वजन ४४ किलो. चाळिशीत सगळ्या मैत्रिणी हेवा करायच्या. चरबीत इस्ट्रोजेन बनतं म्हणता, मग माझ्यासारखीने पाळी थांबताना वजन वाढवायचं का?

---

केतकीबन | रविवार, रात्री ८:०५

@माळढोक, वजनाचा परिणाम जनुकापेक्षा मोठा आहे हे खरं. पाळी थांबलेल्या लठ्ठ आणि सडपातळ स्त्रियांची तुलना केली तर मोकळ्या इस्ट्रॅडिऑलमध्ये दुपटीच्या आसपास फरक दिसतो. पण म्हणून चरबी वाढवा असं कुणीही सांगणार नाही. तेच जास्तीचं इस्ट्रोजेन स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवतं. शिवाय पोटाच्या चरबीबरोबर मधुमेह येतो, आणि टाइप २ मधुमेहात डेक्सावर घनता बरी दिसूनही हाड अपेक्षेपेक्षा जास्त मोडतं. तुम्ही स्नायू वाढवा. वजनं उचलायची, जिने चढायचे, आणि ताटात डाळ-उसळ, दूध-दही, चालत असेल तर अंडं-मासे हे रोज. कमी वजन हा धोक्याचा स्वतंत्र घटक आहे, त्यामुळे डेक्सा लवकर करून घ्या.

---

हाडवैद्य | रविवार, रात्री १०:४८

कोल्हापुरात अस्थिरोग शल्यचिकित्सक म्हणून काम करतो. केतकीताईंनी घरात विचारायला सांगितलेला प्रश्न मी ओपीडीत रोज विचारतो. उत्तर बहुतेक वेळा असं येतं: "आई पडली नव्हती हो, म्हातारपणाने वाकली होती." आणि तिथेच रोगाचा इतिहास निसटतो. ती वाकली कारण मणके एकामागोमाग चेपले गेले होते. मणक्याचं फ्रॅक्चर बहुतेकदा पडून होत नाही. पाण्याची कळशी उचलताना, बसच्या मागच्या सीटवर आदळताना होतं. चार दिवस पाठ धरते, बाम चोळला जातो, दुखणं ओसरतं. उंची मात्र कमी झालेली असते. साडीचा घोळ जमिनीला लागायला लागला, ओट्यावरच्या फळीतला डबा पूर्वी हाताला यायचा तो येईना, अशा खुणा घरच्यांनीच ओळखायच्या असतात. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरने कमी भरत असेल तर मणक्याचा एक्स-रे काढा.

जनुकाबद्दल मला एवढंच म्हणायचंय की फ्रॅक्स नावाचं जे मोफत गणित इंटरनेटवर आहे, त्यात आई किंवा वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं का हा प्रश्न आहे. भारतासाठी त्याची स्वतंत्र आवृत्ती आहे. वय, वजन, उंची, आधीचं फ्रॅक्चर, स्टिरॉइडच्या गोळ्या, रूमेटॉइड संधिवात, तंबाखू-दारू हे भरलं की पुढच्या दहा वर्षांतला धोका टक्क्यांत मिळतो. डेक्साचा आकडा असेल तर भरा, नसेल तरी गणित चालतं. तुमच्या जनुकांची म्हणून जी माहिती आज उपचार ठरवताना वापरली जाते, ती ही एका ओळीची.

आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. चार-पाच वर्षं आधी संरक्षण गेलं. शिवाय ड जीवनसत्त्वाची कमतरता सगळीकडे. खुब्याचं फ्रॅक्चर आपल्याकडे तिकडच्यापेक्षा साधारण दशकभर आधी दिसतं, त्यात आश्चर्य नाही.

---

आजोळ | सोमवार, सकाळी ७:२०

सगळं वाचलं. पण आमच्या आजीने आयुष्यात एक रिपोर्ट काढला नाही, नव्वदीपर्यंत शेतात वाकून निंदणी केली. या चाचण्या आणि जनुकं यांचं आता जरा जास्तच होतंय असं मनापासून वाटतं.

---

हाडवैद्य | सोमवार, सकाळी ९:०२

@आजोळ, तुमच्या आजींची हाडं चांगली होती आणि त्यात दोन गोष्टी होत्या. उन्हातलं कष्टाचं आयुष्य, आणि बहुधा चांगला वारसा. हाडांच्या घनतेतला ५० ते ८० टक्के फरक वारशातून येतो असं जुळ्यांच्या अभ्यासांत दिसतं. तुमच्या आईकडे तो वारसा आला असेल तर आनंदच आहे. पण त्याच गावातल्या ज्या आज्या खुबा मोडून खाटेवर पडल्या आणि वर्षभरात गेल्या, त्यांची गोष्ट नव्वदीपर्यंत कुणी सांगत बसत नाही. खुबा मोडल्यावर वेळेत शस्त्रक्रिया होऊन माणूस उभं राहिलं नाही तर न्यूमोनिया, शय्याव्रण, रक्ताच्या गुठळ्या यांनी जीव जातो. मी ते दर महिन्याला बघतो.

---

पैलतीर | सोमवार, सकाळी ११:१५

न्यू जर्सीत जनुकीय आकडेवारीवर काम करते. इथे रात्र आहे पण हा धागा वाचून झोप येईना.

लाळेच्या चाचणीबद्दल केतकीताईंचं म्हणणं बरोबर आहे, त्यामागचा इतिहास जोडते. १९९४ मध्ये 'नेचर'मध्ये लेख आला की ड जीवनसत्त्वाच्या ग्राहीचं (पेशीत त्याला ओळखणाऱ्या प्रथिनाचं) जनुक, व्हीडीआर, हाडांच्या घनतेतल्या वारशाचा बराचसा भाग एकटं ठरवतं. केवढी खळबळ उडाली होती! मग एकामागून एक अभ्यासांत तो परिणाम आक्रसत गेला, आणि मूळ संशोधकांनीही १९९७ मध्ये आपल्या आकडेवारीत दुरुस्ती केली. इस्ट्रोजेनच्या ग्राहीचं जनुक, ईएसआर१, याचीही चर्चा तशीच रंगली. २००४ मध्ये युरोपातली आठ केंद्रं एकत्र आली, जवळजवळ १९ हजार लोक तपासले. निघालं असं की या जनुकाच्या एका प्रकाराने फ्रॅक्चर थोडी कमी होतात, पण घनतेत फरक दिसत नाही. म्हणजे डेक्साला न दिसणारं काहीतरी तिथे घडत असावं.

त्यानंतर सगळा जनुकसंच एकदम चाळण्याची पद्धत आली. ब्रिटनच्या यूके बायोबँकेतल्या सव्वाचार लाखांहून जास्त लोकांवर २०१८ च्या शेवटी आलेल्या अभ्यासात टाचेच्या हाडाच्या घनतेशी जोडलेल्या ५१८ जागा सापडल्या. पाचशे अठरा! आणि सगळ्या मिळून घनतेतला फक्त २० टक्के फरक समजावतात. यातून कुणा एकीला "तुझं हाड मोडणार" असं सांगणं शक्य नाही. त्यात हे लोक जवळजवळ सगळे युरोपीय वंशाचे. त्यांच्यावर बसवलेला जनुकीय धोक्याचा गुणांक मराठी मुलीला लावला तर तो आणखी ढिला पडतो. कंपन्या रिपोर्टमध्ये हे ठळक अक्षरांत लिहीत नाहीत, याचा मला राग येतो.

पण जनुकशास्त्र वाया गेलं असं मुळीच नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानर कुटुंबांत आणि नेदरलँड्समधल्या उर्क गावात अशी माणसं सापडली ज्यांची हाडं कमालीची जाड आणि दाट. कारण निघालं स्क्लेरोस्टिन हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकातला बिघाड. स्क्लेरोस्टिन हाड बांधणाऱ्यांना रोखतं. मग त्यालाच अडवणारं रोमोसोझुमॅब हे इंजेक्शन तयार झालं, अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला परवानगी मिळाली. केतकीताईंनी लिहिलेल्या रँक-एलला अडवणारं डेनोसुमॅब त्याच्या आधीचं, २०१० चं. हाडांच्या जनुकांनी आपल्याला भविष्यापेक्षा औषधं जास्त दिली आहेत.

अजून एक. पाळी कधी थांबणार याचाही वारसा मोठा आहे. २०२१ मध्ये दोन लाख स्त्रियांच्या अभ्यासात त्याच्याशी जोडलेल्या २९० जागा मिळाल्या, त्यातल्या कितीतरी डीएनएची मोडतोड दुरुस्त करणाऱ्या. त्याच अभ्यासातून दिसलं की जनुकांमुळे पाळी उशिरा थांबणाऱ्यांना फ्रॅक्चर कमी, पण संप्रेरकांवर वाढणारे काही कर्करोग जास्त. तेव्हा आईला एक प्रश्न आणखी विचारा: तुझी पाळी कितव्या वर्षी थांबली? चाळिशीच्या आत थांबली असेल तर मुलींनी स्त्रीरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगावं. तिथे एफएमआर१ सारख्या, बीजांडकोष लवकर थकण्याशी जोडलेल्या जनुकाची चाचणी खरोखर कामाची असते.

---

नाना_चिपळूण | सोमवार, दुपारी १:४०

पुरुषांना हे सगळं लागू नाही असं समजायचं का? वय ६६, वडिलांचा खुबा मोडला होता म्हणून विचारतो.

---

केतकीबन | सोमवार, दुपारी ३:२५

@नाना, लागू आहे, आणि त्याचा पुरावा फार नाट्यमय आहे. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या २८ वर्षांच्या एका पुरुषाची केस प्रसिद्ध झाली. उंची २०४ सेंटिमीटर आणि अजून वाढत होता. हाडांच्या टोकांच्या वाढीच्या पट्ट्या मिटल्याच नव्हत्या, हाडाचं वय १५ वर्षांच्या मुलाचं, आणि घनता ऑस्टिओपोरोसिसची. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित. दोष होता ईएसआर१ मध्ये, म्हणजे अंगात इस्ट्रोजेन होतं पण पेशींना ते कळत नव्हतं. पुढच्याच वर्षी दुसरा तरुण सापडला, २४ वर्षांचा, उंची तीच २०४ सेंटिमीटर. त्याच्यात सीवायपी१९ए१ निकामी, म्हणजे इस्ट्रोजेन बनतच नव्हतं. त्याला इस्ट्रोजेन दिलं गेलं तेव्हा वाढीच्या पट्ट्या मिटल्या आणि हाड भरलं. पहिल्याला दिलं तर काहीच झालं नाही, कारण ग्राहीच नव्हती.

या दोघांमुळे पुरुषाच्या हाडालाही इस्ट्रोजेन लागतं हे निर्विवाद सिद्ध झालं. पुरुषांमध्ये ते टेस्टोस्टेरॉनपासून अरोमाटेजच बनवतं आणि म्हातारपणी हळूहळू कमी होतं, पाळीसारखं एकदम नाही. वडिलांचा खुबा मोडलेला असेल तर फ्रॅक्समध्ये तो 'हो' भरायचा. तुम्ही डेक्सा करून घ्या.

---

सोनचाफा | सोमवार, रात्री ९:५०

अरोमाटेज हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो कर्करोगाच्या वॉर्डात. माझा स्तनाचा कर्करोग इस्ट्रोजेनवर वाढणारा होता. शस्त्रक्रिया, केमो झाल्यावर लेट्रोझोल सुरू झालं, रोज एक गोळी, पाच वर्षं. ही गोळी अरोमाटेजच बंद करते. म्हणजे वर केतकीताईंनी सांगितलेला उरलासुरला पुरवठा, तोही संपवते. माझ्यासाठी ते गरजेचंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार ही की जिथे उपचार चालू होते तिथे हाडांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. दीड वर्षाने भांड्यांची पाटी उचलताना पाठीत कळ आली. एक्स-रेत मणका चेपलेला. डेक्सा तेव्हा पहिल्यांदा झाला. मग झोलेड्रॉनिक अॅसिडचं सलाईन सुरू केलं. पहिल्या सलाईननंतर दोन दिवस ताप आणि अंगदुखी, पुढच्या वेळी काहीच त्रास नाही. आता घनता स्थिर आहे.

लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन यांपैकी काहीही सुरू होणार असेल तर पहिली गोळी घेण्याआधी डेक्सा मागा. कुणी सुचवायची वाट बघू नका. मैत्रिणी घेत असतील तर त्यांना हा प्रतिसाद दाखवा.

---

केतकीबन | सोमवार, रात्री १०:२०

@सोनचाफा, लिहिलंत म्हणून खूप आभार. पाळीनंतरच्या त्या थोड्याशा इस्ट्रोजेनची हाडाला केवढी गरज असते याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. जनुकातल्या फरकाने १०-२० टक्के इकडे तिकडे होतं, ही गोळी ते जवळजवळ शून्यावर आणते, आणि हाड लगेच बोलतं. तुमची विनंती मी धाग्यात वरही टाकते.

---

बालाघाट | मंगळवार, सकाळी ६:५५

बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांमध्ये काम करते. जनुकांची चर्चा वाचताना सारखं वाटत होतं की आमच्या बायांचं इस्ट्रोजेन जनुकांनी नेलेलं नाही, सुरीने नेलंय.

गर्भपिशवी काढण्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी पस्तिशीच्या आतल्या. अंगावरून जातं, पोट दुखतं म्हणून जायचं, "कॅन्सर होईल" म्हणून भीती घातली जायची, आणि उचल फेडायची असल्याने पाळीच्या दिवसांचा खाडा परवडत नाही म्हणून बाई तयार व्हायची.

आता त्या चाळिशीच्या आहेत. पहाटे चारला फडात जातात, डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढतात. कंबर गेली, गुडघे गेले, हातपाय जळजळतात असं सांगतात. डिस्चार्ज कार्डावर बीजांडकोष ठेवले की काढले हे बहुतेकींना ठाऊक नाही. कार्डच जवळ नसतं. डॉक्टर, अशा बाईच्या हाडांसाठी सरकारी दवाखान्यात काय मागायचं ते सांगा.

---

हाडवैद्य | मंगळवार, सकाळी १०:३०

@बालाघाट, हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. दोन्ही बीजांडकोष काढले की पाळी थांबायचा सावकाश टप्पा राहत नाही, इस्ट्रोजेन एका दिवसात खाली येतं. ३२ व्या वर्षी काढले असतील तर नैसर्गिक वयापर्यंतची १४-१५ वर्षं संरक्षणाविना जातात. नुसती पिशवी काढून बीजांडकोष ठेवले तरी ते काही वर्षं आधी थकतात असं दिसलंय.

एक, सोनोग्राफीत बीजांडकोष आहेत का ते पाहता येतं. दोन, एफएसएच (बीजांडकोषांना चालना देणारं संप्रेरक) ही रक्ताची तपासणी बरंच सांगते. तीन, पंचेचाळिशीच्या आत बीजांडकोष गेले असतील आणि इस्ट्रोजेनवर वाढणारा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या असं काही नसेल, तर नैसर्गिक पाळी थांबायच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देणं हा मान्य उपचार आहे. तो स्त्रीरोगतज्ज्ञांनी ठरवायचा. चार, या स्त्रियांचा डेक्सा पासष्टीची वाट न बघता व्हायला हवा. तो तालुक्याला मिळत नाही, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारावं लागेल. गट करून नेता आलं तर फार बरं. मी माझ्याकडून पत्राचा मसुदा करून देतो, व्यनि (खाजगी निरोप) करा.

---

थेंब | मंगळवार, दुपारी २:०५

लंडनला असते. इथे बऱ्याच जणी एचआरटीचे, म्हणजे पाळी थांबल्यावर बाहेरून संप्रेरकं देण्याच्या उपचाराचे, पॅच लावतात, आणि पुण्याच्या माझ्या बहिणीला त्याचं नाव काढलं की कॅन्सरच आठवतो. हाडांसाठी त्याचं नेमकं काय?

---

केतकीबन | मंगळवार, संध्याकाळी ५:४०

@थेंब, भीतीचं मूळ २००२ मधला अमेरिकेतला डब्ल्यूएचआय अभ्यास. १६ हजारांहून जास्त स्त्रियांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन किंवा नकली गोळी दिली होती. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, गुठळ्या वाढल्या म्हणून तो मधेच थांबवला. पण त्याच अभ्यासात खुब्याची फ्रॅक्चर एक तृतीयांशाने कमी झाली होती. त्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. पन्नाशीत, पाळी थांबून दहा वर्षांच्या आत सुरू करणाऱ्यांसाठी फायद्या-तोट्याचा हिशोब वेगळा येतो. घरात स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास आहे का, यावर बरंच अवलंबून. इथेही पुन्हा आईपासूनच सुरुवात.

---

माळढोक | बुधवार, सकाळी ८:३५

आमच्या गल्लीत औषध कंपनीच्या शिबिरात टाचेवर यंत्र लावून हाडं मोफत तपासली. पावतीवर उणे १.९ आलं आणि लगेच कॅल्शियमच्या गोळ्यांचा डबा हातात दिला. हे डेक्साच का? आणि आईला आज फोन करून विचारलं. तिचा नाही, पण आजीचा खुबा मोडला होता, अंगणात मांजर आडवं आलं म्हणून पडली होती, वय साठच्या पुढे.

---

हाडवैद्य | बुधवार, सकाळी ११:१०

@माळढोक, टाचेचं यंत्र अल्ट्रासाउंडचं असतं. ते डेक्सा नाही आणि त्या आकड्याला ऑस्टिओपोरोसिसचे निकष लागत नाहीत. संशय म्हणून ठीक, निदान म्हणून नाही. कमरेचे मणके आणि खुबा, दोन्हींचा डेक्सा करा, आणि पुढच्या वेळीही शक्यतो त्याच यंत्रावर, नाहीतर तुलना जुळत नाही.

४४ किलो वजन आणि आजीचा इतिहास. फ्रॅक्समध्ये आजी बसत नाही, फक्त आईवडील, पण मी तो इतिहास विचारात घेईन. डेक्साला जायच्या आधी रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि हिमोग्राम करून घ्या. ड कमी निघालं तर आधी ते भरून काढायचं, मगच बाकीची औषधं. कॅल्शियम आहारातून किती येतं ते आधी मोजा. आयसीएमआरने पाळी थांबलेल्या स्त्रीसाठी दिवसाला १२०० मिलिग्रॅम सांगितलंय. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, वर दूध-दही-ताक आणि तीळ धरा. कमी पडेल तेवढीच गोळी, डबाभर नको.

आठवड्याची अॅलेंड्रोनेटची गोळी पुढे कधी लिहून मिळाली तर ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. आणि कुणी डेनोसुमॅब घेत असेल तर सहा महिन्यांचं इंजेक्शन स्वतःहून चुकवू नये. ते मधेच सोडलं की झीज उसळून येते आणि एकाच वेळी दोन-तीन मणके चेपलेले मी पाहिलेत. थांबवायचं असेल तर डॉक्टरांशी बोलून, त्याच्या जागी दुसरं औषध ठरवूनच.

---

माळढोक | बुधवार, दुपारी १२:२५

शुक्रवारची वेळ मिळाली डेक्साची. आईलाही बरोबर नेते आहे, तिची उंची कमी झाल्यासारखी वाटतेच. आकडे इथे टाकते.